माळ्यावरची बंदूक स्वतःहून घेऊन येणाऱ्याला आरोपी करू नका

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव (गृह), महाराष्ट्र शासन,
तसेच राज्यातील सर्व जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांस,

स. न. वि. वि.

मी कोकणातली निवृत्त आरोग्यसेविका. एकतीस वर्षं उपकेंद्रात काढली. लसीकरण, बाळंतपणं, तापाच्या साथी, कुटुंब कल्याणाची शिबिरं यासाठी वाड्यावाड्यांतून चालत फिरले. घराघरांत ओटीपासून माजघरापर्यंत वावर असल्यामुळे कोणाच्या घरात काय आहे ते न विचारताही दिसायचं. तांदळाच्या कणगीमागे, देवघराच्या वरच्या फळीवर, माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेल्या बंदुका मी पाहिल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच ठासणीच्या आणि शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेल्या. परवाना ज्याच्या नावावर होता तो माणूस वारला आणि बंदूक घरात तशीच राहिली, अशी ती घरं.

माझं माहेरही त्यातलंच एक होतं.

वडील 2011 साली गेले. त्यांची बंदूक होती हे आम्हा भावंडांना माहीत होतं, पण आजारपण, दिवसकार्य, वारसनोंद या सगळ्यात ती कोणाच्या डोक्यात राहिली नाही. आई म्हणायची, "आसा खंयतरी माळ्यार." गेल्या वर्षी आई गेली. घर आवरायला घेतलं तेव्हा ती सापडली. वडिलांच्या जुन्या पंच्यात गुंडाळलेली, वरून खताची पिशवी, त्यावर सुंभाने बांधलेली. बाजूला एका डब्यात तांबूस झालेल्या केपा (बंदुकीतली दारू पेटवणाऱ्या छोट्या टोप्या) आणि परवान्याची पुस्तिका. पुस्तिकेत वडिलांचा तरुणपणीचा फोटो, टोपी घातलेला. शेवटचं नूतनीकरण 2008 सालचं.

नळी गंजली होती. लाकडी कुंद्याला एका बाजूने वाळवी लागली होती. मला वाटलं, हे आता भंगार आहे. शेजारचे काका जाणते, त्यांना बोलावलं. त्यांनी बंदूक हातात घेतली, तोंड भिंतीकडे केलं, नळीखालचा गज ओढून काढला आणि नळीत सोडला. गज खालपर्यंत गेला नाही. चार बोटं अलीकडेच अडकला. काकांचा चेहरा बदलला. "बाय, बार भरलेलो आसा," म्हणाले.

वडिलांनी कधीतरी रानडुकरांसाठी बार ठासला असणार. उडवायची वेळ आली नाही, आणि नंतर ते अंथरुणाला खिळले. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं तशीच राहते. त्या माळ्याच्या बरोबर खालच्या खोलीत दर मे महिन्यात माझी भाचरं झोपत होती. एका वर्षी थोरला माळ्यावर चढून जुन्या पेट्या उचकत होता, आणि मीच त्याला सरबत प्यायला खाली हाक मारली होती. ते आठवलं आणि मी ओटीवर बसून राहिले.

काकांनी सल्ला दिला तो प्रेमानेच दिला. "व्हाळात टाकून दी. कोणाक कळणार नाय. पोलिसाकडे गेलंस तर तूच अडाकतलंस." त्या दिवसापासून आजपर्यंत मला निदान दहा जणांनी हेच सांगितलंय, त्यात दोन निवृत्त शिक्षक आणि एक वकीलही आहेत. यावरून स्वतःहून कळवणाऱ्याबद्दल आपल्याकडे लोकांचा समज काय आहे, ते आपल्या लक्षात यावं.

तरीही मी गेले. बंदूक घरी ठेवून, परवान्याची पुस्तिका आणि वडिलांच्या मृत्यूचा दाखला पिशवीत घालून. ठाण्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तिथल्या कोणाबद्दल माझ्या मनात राग नाही आणि हे पत्र कोणाची तक्रार म्हणून नाही. ठाणे अंमलदार सभ्य माणूस होता. त्याने मला खुर्ची दिली, कागद पाहिले आणि बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगितलंत म्हणजे आता मला माहिती झाली. लिहून घेतलं तर तुमच्यावर गुन्हा, नाही लिहिलं तर उद्या माझ्यावर ठपका. मी काय करू सांगा."

साहेब, हा त्याचा प्रश्न मी तुमच्यासमोर ठेवते आहे. त्याच्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्याला वरून कोणी उत्तर दिलेलं नाही.

पुढचे पाच आठवडे मी चार वेळा ठाण्यात गेले. जबाब दिला. "इतकी वर्षं काय केलंत?" हे तीन वेगवेगळ्या लोकांनी विचारलं. मुंबईहून भाऊ रजा टाकून आला. बंदूक जागेवरून हलवू नका असं सांगितलं होतं, आणि बार काढायला काकांचा हात आता धजत नव्हता. म्हणजे मी कळवल्यानंतरही पाच आठवडे भरलेली बंदूक आमच्या रिकाम्या घरात तशीच होती. शेवटी ती नेली, माझ्यावर गुन्हा दाखल झाला नाही, आणि जमा केल्याची पोच मिळाली. माझ्या नोकरीमुळे ठाण्यातली माणसं मला ओळखत होती. माझ्या जागी गुरं राखणारी एखादी विधवा असती, तर पहिल्या दिवशी पायरीवरूनच परत फिरली असती.

मी कायद्याची जाणकार नाही. पण या पाच आठवड्यांत 1959 चा शस्त्र अधिनियम वाचला, आणि जे कळलं ते मांडते.

परवाना संपला, रद्द झाला किंवा अन्य कोणत्याही कारणाने शस्त्र बाळगणं बेकायदा ठरलं, तर विनाकारण उशीर न करता ते जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं, असं कलम 21 सांगतं. म्हणजे जमा करण्याची वाट कायद्यात आहे. पण "विनाकारण उशीर न करता" हे शब्द ओलांडून गेले, की तोच माणूस विनापरवाना शस्त्र बाळगणारा होतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा 2 ते 5 वर्षं कैद आणि दंड अशी झाली आहे, आधी ती 1 ते 3 वर्षं होती. बाप गेल्यावर पहिल्या महिन्यात बंदूक जमा केली तर तो नागरिक, आणि चौदा वर्षांनी कळून जमा केली तर तो गुन्हेगार. उशीर जितका वाढेल तितकी भीती वाढते, आणि भीती वाढली की उशीर आणखी वाढतो. आमच्याकडच्या बंदुका या फेऱ्यात माळ्यावर अडकल्या आहेत.

त्याच कायद्यात कलम 39 आहे. कलम 3 खालच्या, म्हणजे विनापरवाना बंदूक बाळगण्याच्या गुन्ह्याबद्दल, जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय कोणावरही खटला चालवता येत नाही. हे वाचलं तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ बसले. म्हणजे किल्ली तुमच्याच हातात आहे, जिल्हाधिकारी साहेब. नवा कायदा नको, दिल्लीला प्रस्ताव नको. जो स्वतःहून आला आहे, ज्याच्या बंदुकीचा मूळ परवाना होता, ज्याने ती कोणत्या गुन्ह्यात वापरलेली नाही, त्याच्याविरुद्ध मंजुरी देणार नाही, हे धोरण तुम्ही आज ठरवू शकता. अडचण इतकीच की मंजुरीची पायरी शेवटी येते. त्याआधी गुन्हा नोंदला जातो, कधी अटक होते, वर्तमानपत्रात "घरात बंदूक सापडली" म्हणून छापून येतं. गावात माणसाची अब्रू पहिल्याच पायरीला जाते. म्हणून हे धोरण ठाण्यातल्या अंमलदारापर्यंत लेखी पोचायला हवं आणि गावकऱ्याला आधी माहीत हवं.

असं करता येत नाही, असं कोणी म्हणू नये. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाच्या नावावर 3 ऐवजी 2 च बंदुका ठेवता येतील असं ठरलं, तेव्हा ज्यांच्याकडे तिसरी होती त्यांना ती जमा करायला पूर्ण एक वर्षाची मुदत खुद्द कायद्यातच दिली गेली. तीन-तीन बंदुका बाळगणारे लोक कोण, ते सांगायला नको. त्यांना एक वर्ष मिळालं. ते योग्यच झालं. मग एकच गंजलेली ठासणीची बंदूक असलेल्या घरातल्या वारसाला तीन महिने का मिळू नयेत?

मणिपुरात 2025 च्या फेब्रुवारीत राज्यपालांनी लुटलेली आणि बेकायदा शस्त्रं परत करायला सात दिवस दिले, या मुदतीत आणून देणाऱ्यावर कारवाई होणार नाही असं जाहीर केलं, आणि मुदत पुढे 6 मार्चपर्यंत वाढवली. सुमारे एक हजार शस्त्रं परत आली. तिथे माणसं मेली होती, पोलिसांची शस्त्रागारं फुटली होती, तरी राज्याने परतीची वाट दाखवली. ऑस्ट्रेलियात 2017 साली तीन महिन्यांच्या माफीच्या मुदतीत 57,000 हून अधिक बंदुका लोकांनी आणून दिल्या, आणि 2021 च्या जुलैपासून तिथे अशी मुदत कायमचीच खुली केली आहे. तिथले लोक आपल्यापेक्षा जास्त प्रामाणिक आहेत असं मी मानत नाही. आणून दिलं तर काय होईल, हे त्यांना आधी ठाऊक असतं, एवढंच. आणि गागोद्यात, म्हणजे आपल्याच कोकणात जन्मलेल्या विनोबांसमोर 1960 साली चंबळच्या खोऱ्यातल्या डाकूंनी शस्त्रं ठेवली होती. ज्यांच्या हातून खून झाले ते लोक विश्वास वाटला म्हणून खाली आले. माझ्या वाडीतल्या म्हाताऱ्यांना तेवढाही विश्वास वाटत नाही, हे लिहिताना मला वाईट वाटतं.

माझं मागणं असं आहे. प्रत्येक जिल्ह्यात तीन महिन्यांची मुदत जाहीर करा. दिवाळीच्या किंवा शिमग्याच्या आसपास धरा, कारण चाकरमानी तेव्हा घरी असतात आणि माळे-पेट्या तेव्हाच उघडल्या जातात. ग्रामसभेत वाचून दाखवा. या मुदतीत जो कळवेल त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी बंदुकांची माहिती असलेला पोलीस जाईल, बार भरलेला आहे का पाहील, असेल तर सुरक्षित काढेल आणि शस्त्र ताब्यात घेईल. बंदूक एसटीत घालून ठाण्यात आणायला लोकांना सांगू नका. आणि पोच जागेवरच द्या. निवडणूक लागली की हेच ठाणं गावच्या परवानाधारकांच्या बंदुका दिवसभरात जमा करून घेतं, चिठ्ठी बांधतं, क्रमांक लिहितं आणि पावती देतं. वडील सकाळच्या गाडीने बंदूक घेऊन जायचे आणि संध्याकाळच्या गाडीने पावती खिशात घालून परत यायचे. ते मी लहानपणापासून पाहिलं आहे. ती वही, ते कपाट, ती माणसं तुमच्याकडे आहेतच.

दुसरं, आणि हे मला सगळ्यात जवळचं. माणूस मेल्याची नोंद ग्रामपंचायतीत होते. वडिलांच्या मृत्यूची नोंद मी स्वतः केली. त्या नोंदीवरून रेशनकार्डातलं नाव कमी झालं, पेन्शन बंद झाली, सातबाऱ्यावर वारस लागले. बंदुकीच्या परवान्यापर्यंत मात्र ती नोंद कधीच पोचली नाही. परवान्याची यादी जिल्ह्यात, मृत्यूची नोंद गावात, आणि दोन्हींची गाठ नाही. दर तिमाहीला दोन्ही याद्या एकदा ताडून पाहिल्या आणि वारसाला एक साधं पत्र गेलं, की "आपल्या वडिलांच्या नावे असा परवाना होता, शस्त्र जमा करा किंवा आपल्या नावावर करून घ्या, अमुक तारखेला आमचा माणूस येईल", तर माझ्या आईने त्याच महिन्यात ती बंदूक ओटीवर आणून ठेवली असती. तिला लपवायचं काहीच नव्हतं. तिला कोणी विचारलंच नाही.

"आपल्या नावावर करून घ्या" हे शब्द मी मुद्दाम घातलेत. पुष्कळ घरांना बंदूक टाकायची नाही, त्यांना ती हवी आहे. रात्री रानडुकरं भातात लोळतात, गवे नाचणी तुडवतात, वांदरं नारळ-काजूत काही ठेवत नाहीत. हे आमचं रोजचं आहे. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा असं कलम 13 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. 2016 च्या शस्त्र नियमांतल्या नियम 25 प्रमाणे परवानाधारक गेल्यावर वारसाला परवाना देता येतो, आणि परवानाधारक 70 वर्षांचा झाला किंवा त्याने 25 वर्षं बंदूक बाळगली असेल तर हयातीतच वारसाच्या नावे करता येते. आमच्याकडे हे शंभरातल्या पाचांनाही माहीत नसेल. कळवलं म्हणजे बंदूक गेली, असा सगळ्यांचा समज आहे, आणि डुकरांच्या भीतीने लोक ती दडवून ठेवतात. मुदतीत कळवणाऱ्याला वारसाच्या परवान्याचा अर्ज तिथल्या तिथे भरून द्या. तसंच, कोणत्याही दुरुस्तीने न उडणारी, निव्वळ जुनी म्हणून भिंतीला टांगलेली बंदूक कलम 45 प्रमाणे या कायद्याच्या कक्षेतच येत नाही. पाहायला आलेल्या माणसाने तेही तिथेच सांगावं, म्हणजे लोक उगाच घाबरून राहणार नाहीत.

यावर हरकत येईल, ती मला ठाऊक आहे. या वाटेने गुंड आपली हत्यारं धुऊन घेतील. एका पोलीस मित्राने मला हेच विचारलं. माझं उत्तर असं की माफी फक्त बाळगण्याची असावी, वापरल्याची नाही. बंदुकीने कोणाला मारलं असेल, शिकारीत कोणाचा जीव घेतला असेल, तर तो तपास वेगळा आणि तो व्हायलाच हवा. पण शिकारीला गेलेल्यांत साथीदाराला बार लागल्याच्या बातम्या आमच्या जिल्ह्यांत अधूनमधून येतात, त्यातली बंदूक बऱ्याचदा अशीच कुठल्या तरी माळ्यावरून उतरलेली असते. कोणा तरी मेलेल्या आजोबांची, पोरांनी रात्रीपुरती नेलेली. छर्रे लागलेल्या एका मुलाची मांडी मी उपकेंद्रात बांधली आहे. सोळा वर्षांचा होता. कुंपणाची तार लागली म्हणून सांगत होता. तारेच्या जखमा तशा नसतात, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. मी तालुक्याला पाठवलं, तो वाचला. बंदूक कोणाची ते कोणी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट, लहान वाटेल पण नाही. कळवणाऱ्यांची यादी बाहेर जाऊ देऊ नका. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या न्याय विभागाने 2022 च्या जूनमध्ये शस्त्रांची आकडेवारी सगळ्यांसाठी खुली केली, आणि त्या नादात बंदूक बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केलेल्या सुमारे 1,92,000 लोकांची नावं आणि पत्ते उघडे पडले. आमच्या वाडीत निम्म्या घरांत आता फक्त म्हातारी माणसं असतात. कुठल्या घरात बंदूक आहे याची यादी मोबाईलवर फिरली, तर ती चोराच्या उपयोगाची. आणि स्वतःहून आलेल्या बाईचा बंदुकीसह फोटो काढून वर्तमानपत्राला देऊ नका. एकदा असा फोटो छापून आला की पुढची दहा घरं दार लावून घेतील.

आता शेवटचं. आमच्या वाडीत एक काकू आहेत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा डोंबिवलीला. त्यांच्याकडे कणगीमागे काय आहे ते मी लसीकरणाच्या फेरीत पाहिलं होतं. माझं प्रकरण मिटल्यापासून त्या दर आठ दिवसांनी येतात. सरळ विचारत नाहीत. चहा घेतात, पानाचा डबा उघडतात, आणि मग म्हणतात, "तुझ्या त्या कामाचा पुढे काय झाला?" मी सांगते, झालं, सुटलं. त्या मान हलवतात आणि बसून राहतात. परवा निघताना उंबऱ्यावर थांबून त्यांनी विचारलं, "माका नेतलंस काय गो ठाण्यात? पोरग्याची नोकरी जावची नाय मां?"

मी त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही. त्यांना काय सांगू, ते मला लेखी कळवावं, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्यसेविका